कुलकर्णी, सहा जण

“कुठले कुलकर्णी?” असं त्या बाईंनी फाटकातच विचारलं आणि आम्ही सगळे कुलकर्णी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो.

“सातारचे,” नंदूमामा म्हणाला.

“सोलापूरचे,” इंदूआत्याही त्याच वेळी म्हणाली.

“म्हणजे मूळचे सोलापूरचे,” मामानं सावरून घेतलं. “पण सगळं साताऱ्यातच झालं आमचं. शिक्षणबिक्षण.”

“असं होय,” बाई म्हणाल्या. “मग जेवण बिनकांद्यालसणाचं करायचं का?”

“छे छे! कांदा चालतो,” मामा घाईघाईनं म्हणाला. “लसूण पण चालतो. आम्ही तसले कडक नाही.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जीन्स घातली होती, केस मोकळे सोडले होते आणि डोळ्यांवर अर्धं तोंड झाकेल एवढा काळा गॉगल होता. “उन्हाचा त्रास होतो का गं पोरी? आज तर आभाळ भरून आलंय,” त्या म्हणाल्या आणि फाटक उघडून बाजूला झाल्या. त्या रणजितच्या आई, सुमनबाई निगडे.

आता आमची भानगड सांगते. आम्ही कुलकर्णी नव्हतोच. आम्ही चिंचवडचे तावरे. ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, आणि आमच्या भावकीत अठ्ठावीस म्हणजे लग्नकार्यात बायका आईला कोपऱ्यात घेऊन “अजून घरातच का?” असं विचारणार. इतक्यांदा पोह्यांच्या बशा पुढे केल्या होत्या की आता पोह्यांचा वासही नको वाटायचा. मुलांचे फोटोही सगळे एकाच साच्यातले. स्टुडिओ, सूट, मागे खोटा धबधबा.

अशात पवारमावशींनी एक स्थळ आणलं. रणजित निगडे, शेतकी कॉलेजात शिकलेला, पुरंदरात सासवडच्या पुढे घरची शेती. शेतावर जनावरं पाळून तो शहरातल्या लोकांसाठी दिवसभराची सहल चालवायचा. वडील नाहीत, घरात आई आणि तो. त्याच्या फोटोत सूट नव्हता. खांद्यावर शेळीचं करडू होतं, ते त्याचा कान खात होतं आणि हा हसत होता. मी तो फोटो आईला परत दिलाच नाही, माझ्या पर्समध्ये ठेवला. आई काय समजायचं ते समजली.

पण बाबा म्हणाले, “शेतकरी नको.” स्वतः शेतकऱ्याचा मुलगा! कंपनीत नोकरी लागली तसं गावाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. आईनं आठवडाभर त्यांच्या मागे लकडा लावला तेव्हा कुठे जरा नरमले. “बघू. पण कळवून जायचं नाही. कळवून गेलं की घर सारवलेलं दिसतं, न कळवता गेलं की खरं दिसतं.”

मग काय, नंदूमामाच्या डोक्यात आयडिया आली. नंदूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, उचापत्यांचा बादशहा. “दाजी, तो सहली घेतो ना? मग आपण सहलीला जाऊ. फोन करून सांगतो, कुलकर्णी, सहा जण. कुलकर्णी सगळीकडे असतात, कुणाला संशय येत नाही.” संशय येऊ नये म्हणून त्यानं आपली सहा वर्षांची मुलगी सई बरोबर घेतली. माझा फोटो निगड्यांकडे गेलेला होता, त्यावरही त्याच्याकडे उत्तर होतं. “फोटोत तू साडीत आहेस, अंबाडा घातलेली. जीन्स घाल, गॉगल लाव. तुझी आई ओळखायची नाही तुला.” गाडीत त्यानं सईची उजळणी घेतली. आपलं आडनाव काय? कुलकर्णी. ताईचं नाव काय? राधिका. प्रत्येक उत्तराला एक चॉकलेट. मीही हसत होते. मला ते सगळं गमतीचंच वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

रणजित आला तो हिरव्या घासाचा भारा खांद्यावर घेऊन. फोटोतल्यापेक्षा सावळा, जरा बुटका, आणि बोलणं सावकाश. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, माझ्यावर त्याची नजर क्षणभर थांबली, मग तो सईपुढे उकिडवा बसला.

“नाव काय तुमचं?”

“सई नंदकुमार कु-ल-क-र्णी,” सईनं पाढा म्हणावा तसं म्हटलं आणि चॉकलेटसाठी मामाकडे बघितलं.

“वा! आता ऐका. हात असा सपाट धरायचा, बोटं वर करायची नाहीत. शेळी घास खाते, बोटं खात नाही, पण तिला बिचारीला फरक कळत नाही.” मग आमच्याकडे वळून म्हणाला, “मोठ्यांना एकच विनंती. मी देतो तेवढंच खायला घाला. पोळी, भात, घरून आणलेलं काही असेल तर माझ्याकडे द्या. लोक मायेनंच देतात, पण जनावराचं पोट बिघडतं.”

“अगदी बरोबर,” इंदूआत्या म्हणाली आणि तिनं काखेतली पिशवी आणखी घट्ट धरली.

त्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या गुळाच्या पोळ्या होत्या. मला माहीत होतं. आमच्या घराण्यात एक रीत होती. सोयरीक ठरवण्याआधी त्या घरच्या गोठ्यातल्या गाईला आपल्या हातानं पोळी द्यायची. गाईनं हातातून घेतली तर घर चांगलं, तोंड फिरवलं तर पोर द्यायची नाही. आत्याच्या लग्नात ही रीत राहून गेली होती, घाईत ठरलं होतं ते लग्न. वर्षाच्या आत आत्या परत आली ती कायमचीच. त्यामुळे तिच्या पोळ्यांना घरात कुणी हसत नसे.

पुढचा तासभर, खरं सांगते, फार छान गेला. शेळ्या सईच्या अंगावर चढल्या, ती किंचाळली, मग तीच त्यांच्या मागे लागली. आईनं कोंबड्यांना दाणे टाकले. बाबांनी एका म्हशीच्या कपाळावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. “आमच्याकडे अशीच एक होती,” ते पुटपुटले, मग एकदम आठवण झाल्यासारखा हात पुसला. रणजितनं माझ्या हातात दुधाची बाटली दिली. “याला पाजा. आई आटलीय याची.” एवढंसं करडू, पण ओढ अशी की बाटली हातातून निसटायची. मी गॉगल डोक्यावर सरकवला, दिसतच नव्हतं काही. रणजित बघत होता. मी पटकन तो परत खाली ओढला.

“राहू द्या की,” तो म्हणाला. “त्याला घाबरवताय तुम्ही.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मनात म्हटलं, हेच. हेच घर. बाबा नाही म्हणाले तर मी ऐकणार नाही.

गोठ्याच्या टोकाला एक कालवड एकटीच बांधलेली होती. आठ-नऊ महिन्यांची, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. शेवंती तिचं नाव. रणजित मामाला आणि सईला घेऊन विहिरीकडे गेला तशी आत्या तिच्यापाशी सरकली. फडकं सोडलं, एक पोळी पुढे केली. शेवंतीनं नाक लावलं, फुस्स केलं आणि तोंड फिरवलं.

आत्यानं दुसऱ्या बाजूनं जाऊन पुन्हा धरली. पुन्हा तेच.

“झालं,” आत्या म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “वहिनी, नाही म्हणतेय ती.” तिनं फडकं तसंच गव्हाणीच्या कडेला ठेवलं आणि हात धुवायला गेली.

आईनं इकडेतिकडे बघितलं. मग एका पोळीचा तुकडा मोडला आणि शेवंतीच्या ओठांवर गूळ चोळला. शेवंतीनं जीभ फिरवली. एकदा चव कळल्यावर काय विचारता! तुकडा गेला, पोळी गेली, दुसरी गेली. “वन्सं, अहो, खातेय बघा!” आई हळूच ओरडली. आत्या धावत आली, पदरानं हात पुसत. “माझ्या हातून खायला पाहिजे,” म्हणाली, आणि तिनंही दिल्या. दोघींचे डोळे भरून आले होते. मग आईनं मला खूण केली. “तू दे. तुझंच तर आहे.”

रणजितनं सांगितलेलं मला आठवत होतं. पण मला हवं होतं तिनं माझ्या हातून खावं. मी पोळी दिली. शेवंतीनं माझा हात मनगटापर्यंत चाटला. फडकं रिकामं झालं तरी ती हुंगतच होती. नंतर समजलं, मामानंही पोत्यात हात घालून तिला भरड्याच्या दोन ओंजळी घातल्या होत्या, खुराक खरा आहे की दाखवायला ठेवलाय ते बघायला. आणि सईनं बिस्किटं. प्रत्येकानं आपापली खात्री करून घेतली होती.

जेवायला पडवीत पंगत मांडली होती. मटकीची उसळ, पिठलं, ठेचा, बाजरीच्या गरम भाकरी. सुमनबाई वाढत होत्या, रणजित पाणी देत होता. मामा हवेत हुंगून हळूच म्हणाला, “ताई, कोंबडीच्या रश्श्याचा वास येतोय गं. कुठून येतोय?”

“कुलकर्णी ना आपण? गप जेव,” आई म्हणाली.

मामाची चौकशी चालूच होती. विहिरीला पाणी किती महिने असतं, लोक किती येतात, भागतं का. रणजित न चिडता सगळं सांगत होता. शेवटी मामानं मला डोळा मारला आणि विचारलं, “लग्न झालं का तुमचं?”

“अजून नाही.”

“अवघडच आहे म्हणा. शेतकऱ्याला पोरी देत नाहीत हो आजकाल.”

“देतील,” रणजित म्हणाला. “येतात लोक बघायला.”

मला वाटलं मामा आता गप्प बसेल. पण बाबा बोलले. त्यांना बहुधा आपण कुलकर्णी असल्याचं फार पटलं होतं. “हे बघा, राग मानू नका. दोन तास करमणूक म्हणून हे सगळं छान आहे. पण शिकलीसवरली पोर कोण शेणात टाकेल? मला मुलगी असती ना, मी तरी नसती टाकली.”

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मला मुलगी असती तर, म्हणाले.

रणजितनं त्यांच्या तांब्यात पाणी ओतलं. “बरोबर आहे तुमचं. ज्याची त्याची मर्जी,” म्हणाला. त्याच्या आई ताकाचा गडू घेऊन माझ्यापुढे उभ्या होत्या. मी मान वर केली नाही. बाबांना म्हणायला हवं होतं, अहो, काय बोलताय? पण मग राधिका कुलकर्णीचं काय करायचं? मी भाकरी चुरत बसले.

सुमनबाई ताक वाढून गोठ्याकडे गेल्या आणि तिकडूनच त्यांची हाक आली. “रणजित! पळ लवकर. शेवंती आडवी झालीय!”

आम्ही खरकट्या हातांनीच मागे धावलो. शेवंती एका कुशीवर पडली होती. डावीकडचं पोट टम्म फुगलं होतं, पाय ताठ, जीभ बाहेर, आणि कण्हत होती. जनावर कण्हतं ते मी पहिल्यांदा ऐकलं. माणसासारखंच असतं ते.

रणजितनं तिच्या पोटावर टिचकी मारून पाहिली आणि एका हातानं फोन लावला. “डॉक्टर, कालवड फुगलीय. हो, बरीच. विचारतो, थांबा.” मग आमच्याकडे वळला. “कुणी काही घातलं का हिला?”

आत्या एक पाऊल मागे सरकली.

“मी रागावणार नाही. डॉक्टर लांब आहेत, यायला वेळ लागेल. तोवर काय पाजायचं ते त्यांना सांगायचंय. पीठ-पोळी असेल तर वेगळं, प्लास्टिक अडकलं असेल तर पाजायचं काहीच नाही. चुकीचं पाजलं तर जाईल ती. काय घातलं?”

आत्यानं ते फडकं केव्हाच पिशवीत कोंबलं होतं. पिशवी तिनं पोटाशी धरली होती. आई जमिनीकडे बघत होती. मी आईकडे बघत होते.

“छे हो,” बाबा म्हणाले. “आम्ही शहरातली माणसं, आम्हाला काय कळतंय? तुम्ही दिलं तेवढं गवत घातलं फक्त.”

“मी बिस्कीट दिलं,” सई म्हणाली. मामानं तिचा दंड ओढला.

“कागदासकट?” रणजितनं विचारलं.

“नाही. कागद माझ्या खिशात आहे.” तिनं काढून दाखवला.

“शाबास. पण बिस्किटानं एवढं होत नाही.” तो उठून उभा राहिला. “आणखी काय? सांगा हो कुणीतरी.”

आता तो बाबांकडे नाही, आईकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मला सांगायचं होतं. जिभेवर होतं. पण सांगितलं की सगळंच सांगावं लागणार होतं. पोळ्या कशाच्या, का आणल्या, गाईला काय विचारत होतो, आम्ही कोण. मग हा मला काय म्हणेल? मघाशी गॉगल वर सरकवला तेव्हा ज्या नजरेनं बघितलं होतं, तसं बघेल का पुन्हा? तिकडे शेवंतीचा श्वास कोंडत होता आणि मी माझ्या लग्नाचा विचार करत होते.

“डॉक्टर, माहीत नाही म्हणतात,” रणजित फोनवर म्हणाला. फोन खाली केला, शेवंतीच्या मानेवर हात ठेवला आणि मग अगदी हळू, विनवल्यासारखं तिसऱ्यांदा विचारलं, “काय खाल्लंय हिनं?”

“पोळ्या,” मी म्हणाले. “गुळाच्या पोळ्या. फडकंभर. मी पण दिली.”

“रेश्मा!” आई ओरडली.

आणि माझं खरं नाव गोठ्यात सगळ्यांसमोर पडलं. मी रणजितकडे बघितलं. त्याला काहीच नवल वाटलेलं नव्हतं. “भरडा पण, दोन ओंजळी,” मामा मागून पुटपुटला. रणजितनं ते फोनवर सांगितलं, ऐकून घेतलं आणि हाक मारली, “आई, खायचा सोडा आण. आणि गोडं तेल.”

आम्ही सगळ्यांनी मिळून शेवंतीला उठवलं, पुढचे पाय उंचवट्यावर ठेवले. रणजितनं तिच्या तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि वारा सुटेल. सोडा पाजला, तेल पाजलं, घोट घोट, थांबत थांबत. मी दावं धरून होते. बाबांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि न सांगता तिचं पोट चोळायला लागले. हात विसरले नव्हते त्यांचे. आत्या बाजूला उभी राहून देवाचं नाव घेत होती. बऱ्याच वेळानं शेवंतीनं मोठ्ठी ढेकर दिली, मग आणखी एक, आणि तिचं पोट जरा सैल पडलं. मला रडूच आलं.

हौदावर हात धुताना मी त्याला गाठलं. गॉगल कुठे पडला होता कुणास ठाऊक.

“मला माफ करा,” मी म्हणाले. “मी आधीच सांगायला हवं होतं.”

तो साबण लावत राहिला. “पोळीचं काही नाही हो. सगळेच घालतात. तीनदा विचारलं मी.” मग हातावर पाणी घेत म्हणाला, “शेवंतीला बोलता येत नाही. तुम्हाला येत होतं.”

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

पडवीत आले तर बाबा घसा खाकरत होते. “निगडेबाई, एक सांगायचं राहिलं. आम्ही कुलकर्णी नाही.”

“ठाऊक हाय,” सुमनबाई म्हणाल्या.

“केव्हापासून?”

“तुम्ही यायच्या आधीपासून. आणि कळलं नसतं तरी पोरीचा फोटो महिनाभर देव्हाऱ्याशेजारी हाय की आमच्या. चष्मा घातला म्हणून काय माणूस ओळखू येत न्हाई?”

“मग बोलला नाहीत ते?”

“म्हटलं, चोरून बघायचंय तर बघू द्या. आमच्याकडं लपवायला काय हाय? परवा कुलकर्णी म्हणून फोन आला आणि संध्याकाळी पवारबाईंचा आला. त्यांना कुणी सांगितलं, त्यांनाच म्हाईत. म्हणून आज दुसरं कुणी घेतलं न्हाई सहलीला. घरचीच माणसं येणार म्हणून.”

आईनं मान खाली घातली. पवारमावशींना तिनंच सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, निदान त्यांची तारांबळ तरी उडू नये.

आणि अशा वेळी माझे बाबा काय म्हणाले असतील? अजून आठवलं की कानशिलं तापतात. ते खुर्चीत सरळ बसले, मामाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि मोठ्या मनानं म्हणाले, “झालं ते झालं. आमची पसंती आहे. स्थळ आम्हाला पसंत आहे.”

“गाईनं पोळी घेतली हो,” आत्या म्हणाली. “माझ्या हातातून घेतली.”

नकार तिकडूनही येऊ शकतो, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा. मी तर रणजित कुठे आहे ते शोधत होते. तो गोठ्यात शेवंतीपाशी बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

सुमनबाई आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात कडीचा एक मोठा स्टीलचा डबा होता, गरम, फडक्यात धरलेला. तो त्यांनी आईच्या हातात दिला.

“सकाळी तावऱ्यांसाठी कोंबडी केली होती. घरची. पण तुम्ही कुलकर्णी म्हणून आलात. कुलकर्ण्यांच्या पानात कशी वाढणार? घरी जाऊन खावा.”

मामाचं तोंड उघडंच राहिलं. आईनं डबा घेतला आणि कुठलीही बाई म्हणते तसं सवयीनं म्हणाली, “अहो, कशाला एवढं? डबा आणून देऊ हं आम्ही.”

“नको,” सुमनबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. “परत आणू नका. राहू द्या तुमच्याकडंच.”

आईला त्याच क्षणी कळलं. मला फाटकाशी कळलं. बाबांना सासवड मागे पडल्यावर कळलं. एकट्या सईनं विचारलं, “आता मी कुलकर्णी आहे का तावरे?” ती दोन्ही नव्हती, मामाचं आडनाव वेगळंच होतं. पण तिला सांगायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

कोंबडी आम्ही खाल्ली. टाकणार कशी? मामा दोनदा वाढून घेत म्हणाला, “सुगरण आहे हो बाई,” आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं, तो ताटावरून उठला. मी खाल्ली. फार चांगली झाली होती.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. सासरी येताना आईनं संसाराच्या भांड्यांत तो डबाही दिला, तिला तो घरात नको झाला होता. त्याच्या झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलंय, सौ. सुमन निगडे.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीच्या शाळेची सहल होती. कुठल्यातरी शेतावर, शेळ्यामेंढ्यांना चारा घालायला. सहलीला मोठा डबा पाहिजे म्हणून तिनं फळीवरून तो खाली काढला आणि नाव वाचलं.

“आई, या सुमन निगडे कोण?”

“कुणास ठाऊक,” मी म्हणाले. “एखाद्या लग्नात बदलला असेल डबा.”

“मग परत द्यायला पाहिजे ना?”

मी तिच्या हातातून डबा घेतला, पुसला आणि परत वर ठेवला. तिला दुसरा दिला. पोळ्या भरताना तिला बजावलं, या तूच खायच्या, जनावरांना घालायच्या नाहीत. “का?” तिनं विचारलं. तिनं पुन्हा विचारलं. मी डब्याचं झाकण लावत राहिले.